दलेंदाच्या खुर्चीवर

हनियाच्या घराला दार होतं, दाराला कडी होती, पण कडी वाजवून काही उपयोग नव्हता. म्हणून तिच्या बापानं चौकटीला भोक पाडून एक दोरी बाहेर सोडलेली. बाहेरून कुणी दोरी ओढली, की आत मागाच्या वर छताला टांगलेलं लाल फडकं नाचायचं. बाप मागावर रेशीम विणत बसलेला, आई चुलीपाशी, आणि दोघंही जन्माचे बहिरे. फडकं नाचलं म्हणजे कुणीतरी आलं. महदियाच्या जुन्या गावात, बंदराकडच्या उतारावर, सगळ्या गल्लीला ती दोरी ठाऊक. एखादा नवखा कडी वाजवून वाजवून दमला, की समोरची म्हातारी महबूबा गच्चीवरून ओरडायची, "अरे गाढवा, दोरी ओढ! लजहरचं दार कानानं उघडत नाही, डोळ्यानं उघडतं!"

आता लजहर आणि त्याची बायको दोघंही समुद्रावरच्या कबरस्तानात पांढऱ्या चुन्याखाली निजलेले. घरात उरली ती एकटी ऐकणारी. शेजारपाजार आता सरळ दार वाजवायचा. हनियानं मात्र दोरी काढली नव्हती, फडकं उतरवलं नव्हतं. वाऱ्यानं ते कधी हललं, तर हातातलं काम टाकून तिची मान दाराकडं जायची. मग स्वतःशीच जीभ चावून ती पुन्हा कामाला लागायची.

पंचेचाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली, बिनलग्नाची बाई. लग्न का राहिलं याची गल्लीत दोन कारणं सांगत. एक, बहिऱ्यांची पोरगी करून आणली तर पोटी बहिरंच निपजायचं. दुसरं महबूबा सांगायची, "ती समोरच्याच्या तोंडाकडं अशी टक लावून बघते, की पुरुषाला वाटतं आपल्या दाढीत काही अडकलंय!" बघण्याची ती सवय घरातली. बहिऱ्या आईशी बोलायचं तर डोळा काढून चालत नाही. लहानपणी गल्लीतून वरातीचा ढोल गेला की हनिया मान वळवायची. आई लगेच तिची हनुवटी चिमटीत धरून चेहरा आपल्याकडं ओढायची आणि हातांनी सांगायची, कान तुझे, पण डोळे माझे.

बापाच्या मागावर ती नवऱ्यामुलींचे कमरपट्टे विणायची. मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून तो मागाच्या आडव्या लाकडावरच ठेवायची. वाजला की थरथरायचा. भल्या सकाळी थरथरला तर समजायचं, बहिऱ्यांची शाळा.

"हनिया, दलेंदाचं डोकं चढलंय. या."

एवढंच. शाळेचे मुख्य सी तौहामी, म्हणजे तौहामीसाहेब, फोनवर याहून जास्त बोलत नसत. दलेंदा ही वर्गातली कायमची मदतनीस. ती नसेल त्या दिवशी तिच्या खुर्चीवर हनिया. मदतनिसाचं काम काय, तर बाई फळ्यापाशी जे शिकवतात ते पोरांच्या कडेला बसून पुन्हा हातांनी सांगायचं, कानातल्या यंत्राची बॅटरी बघायची, नाकं पुसायची, नाडे बांधायचे, भांडणं सोडवायची. पोरं सगळ्यांना आपापल्या खुणेची नावं ठेवत. सी तौहामी म्हणजे पोटावरून फिरवलेला हात. दलेंदा म्हणजे लांब पापण्या. हनियाची खूण नव्हती. पोरं आधी दलेंदाच्या पापण्या दाखवत आणि मग हात झटकून टाकत. म्हणजे दलेंदा नाही, ती दुसरी.

वर्गातली खुर्ची दलेंदाची, खुर्चीवरची उशी दलेंदाची, कपाटातला फुलाफुलांचा पेला दलेंदाचा. हनिया आपला काचेचा ग्लास पिशवीत घालून न्यायची आणि संध्याकाळी घासून, पुसून परत आणायची. एकदा वर्गाची शिक्षिका लमिया म्हणाली, "अहो, ठेवा की इथंच. ग्लासाला कोण खातंय?"

"नको बाई. आज आहे, उद्या नाही. दुसऱ्याच्या कपाटात आपलं भांडं कशाला?"

लमिया तरुण, राजधानीत शिकून आलेली, मनानं चांगली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पण फोन थरथरला की हनिया मागावरून उठायची ती धावतच. कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून तिच्या हातांना बोलायला कुणी उरलं नव्हतं. घरात ती मांजराशी हातांनी बोलायची. मांजर बघायचं, पण शेपटी हलवून निघून जायचं.

त्या वर्षी दलेंदा बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत हनियाला पहिल्यांदाच सलग काही महिने तिच्या जागी बसायचं काम मिळालं. त्याच सुमाराला नुहा वर्गात आली. कोळीवाड्यातली पोर, नऊ वर्षांची, तोवर शाळेचं तोंड न बघितलेली. आवाज नाही, खुणाही नाहीत. भूक, पाणी, आई, मार, एवढंच हातात. बसायची मात्र अशी, की दार समोर दिसलं पाहिजे. दार उघडलं की तिचा सगळा जीव डोळ्यांत गोळा व्हायचा आणि आत आलेल्याचा चेहरा पाहिला की विझायचा.

तिची आई वसीला सकाळी तिला सोडायला यायची. सार्डिनच्या कारखान्यात मासे साफ करणारी, हातांना सदा खारा वास. फाटकाशी हनियानं एकदा विचारलं, "ही दाराकडं का बघते गं सारखी?"

वसीलानं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "बापाची वाट बघती. उन्हाळ्यात गेला त्यो. पलीकडल्या किनाऱ्याला, परमुलखात कामाला जातो म्हणाला, चोरून, मासेमारीच्या होडीतनं, धा-बारा जणांसंगं. जाताना पोरीच्या डोक्याचा मुका घेतला आन गेला. तवापासनं ना फोन, ना निरोप."

"आणि हिला काय सांगितलंयस?"

"काय सांगू? माझ्या हाताला कुठं जीभ हाय?" वसीला हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मासे धरायला गेलाय, असं हात करून दावते. तूबी तेच दाव, खालती, माझी मावशी. पोराचं काळीज, कशाला फोडायचं?"

ते हनियाचं घर नव्हतं.

थंडीत कधीतरी नुहाचे हात सुटले. मधल्या सुट्टीत, तेल लावलेला पावाचा तुकडा खाता खाता, तिनं ओठावर मिशी पिळली. बाप. हनिया जागच्या जागी थिजली. मग पोरीनं हातावर हात डोलवला. होडी. मग बोट समुद्राकडं. मग आपल्याच डोक्यावर ओठ टेकवायचा प्रयत्न केला, तो काही जमेना, म्हणून तळहाताचा मुका घेऊन तो टाळूवर ठेवला. इतक्या महिन्यांचं साठलेलं तिच्या हातांतून वाहायला लागलं होतं.

तेवढ्यात व्हरांड्यातून सी तौहामींचा आवाज आला, "हनिया! जरा या इकडं!"

आणि हनियाची मान वळली.

क्षणभरच. पण परत फिरवली तेव्हा नुहाचे हात मांडीवर पडलेले आणि चेहरा भिंतीसारखा. ऐकणारा माणूस बोलणाऱ्याकडं न बघताही ऐकू शकतो, पण हातांच्या बोलण्यात मान फिरवणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात दाबणं. आणि नुहाला कुणी हाक मारली, ती कुठून आली, यातलं काहीच कळलेलं नव्हतं. तिला दिसलं ते इतकंच, की मी बापाचं सांगत होते आणि ही दुसरीकडं बघायला लागली. बहिऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या बाईनं ही चूक करावी! हनियाला आपली हनुवटी जळाल्यासारखी वाटली.

नुहा तिच्याकडं पाठ करून बसायला लागली. हनियानं मनधरणी केली नाही. पाठ असली तरी ती तिथंच बसायची, कडेला, दलेंदाच्या खुर्चीवर.

"हिला आज आहे," एकदा लमिया म्हणाली, "पण काल नाही आणि उद्याही नाही. मी फळ्यावर सूर्य काढून दमले. हिला दिवस हातात धरता यायला हवा."

हनियानं रात्रभर डोकं खाजवलं नाही की काही नाही. दिवस हातात कसा धरतात हे तिला मागावर बसणाऱ्यांच्या घरात वेगळं शिकायची गरज नव्हती. तिनं जाड पुठ्ठ्याला कातरीनं दात पाडले, पांढऱ्या उभ्या धाग्यांचा ताणा भरला आणि पिशवीतून लाल रेशीम गुंडाळलेली काडी काढली. सकाळी आल्या आल्या एक ओळ विणायची. आज. दुसऱ्या सकाळी त्याच्यावर दुसरी. मग खालची झाली काल. वरचा मोकळा ताणा म्हणजे अजून न आलेलं. रविवारी शाळा नाही, तर पांढरी ओळ. पहिले काही दिवस नुहानं पुठ्ठ्याला हातही लावला नाही, हनियाच विणायची. मग एका सकाळी बघते तो पोरीनं काडी स्वतः उचललेली. आणि पुढं एक दिवस तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवून हात मागं नेला आणि मोकळ्या ताण्यावर बोट ठेवून हात पुढं नेला. काल. उद्या. लमियानं दोन्ही हात वर करून टाळ्यांसारखे हलवले आणि बाकीच्या पोरांनीही हलवले, कशासाठी ते न कळताच.

नुहा पुन्हा हनियाकडं तोंड करून बसायला लागली होती.

वसंताच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात सी तौहामींनी हनियाला खोलीत बोलावलं. "दलेंदाचं बाळ छान आहे. सुट्टीनंतर ती येतेय. शनिवारी तुमचा शेवटचा दिवस."

"बरं."

"आणि पोरांना काही सांगायचं नाही. मागं एक बाई सगळ्यांच्या गळ्यात पडून गेल्या, तर पोरांनी दोन दिवस जेवण सोडलं. पालक माझ्या डोक्यावर बसले. दलेंदा येईल, पोरं बघतील, विसरतील. पोरं विसरतात हो."

"नुहा नाही विसरत, सी तौहामी. तिचा बाप न सांगता गेला. आता मीही न सांगता गेले, तर तिला वाटेल जो शेजारी बसतो तो नाहीसाच होतो."

सी तौहामींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. वाईट माणूस नव्हता, दमलेला माणूस होता. "हनिया, तुम्हाला पदवी नाही, तरी मी तुम्हालाच फोन करतो. का? तर तुम्ही सांगितलेलं ऐकता म्हणून. माझी अडचण समजून घ्या."

तिला समजली. पुढं फोन थरथरायचा की नाही, ते त्या एका वाक्यात होतं. मागाचं लाकूड, मांजर आणि न थरथरणारा फोन, असं घर तिला डोळ्यांसमोर दिसलं. ती खुर्चीवरून उठली तेव्हा तिचं काहीच ठरलेलं नव्हतं.

शनिवारी पोरं जेवण उरकून बाहेर गेली, तेव्हा तिनं नुहाला थांबवून घेतलं. पुठ्ठा समोर ठेवला. लाल ओळी, मधे मधे पांढऱ्या, आणि वर थोडा मोकळा ताणा. आजची लाल ओळ नुहानं सकाळीच विणली होती. हनियानं हिरव्या रेशमाची काडी काढली. आधी सुट्टीच्या पांढऱ्या ओळी, म्हणून मोकळ्या ताण्यावर बोट फिरवलं. मग त्याच्या वर हिरवी काडी आडवी धरली. लांब पापण्या. दलेंदा. ह्या खुर्चीवर. मग लाल काडी उचलून स्वतःच्या छातीला लावली. मी घरी. मी रागावले नाही. मी आजारी नाही. मी मेले नाही. ती दलेंदाची खुर्ची, तिची तिला. मी माझ्या घरी.

नुहानं पुठ्ठ्याकडं पाहिलं, हिरवीकडं पाहिलं, हनियाच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं हनियाच्या हातातली लाल काडी काढून घेतली आणि आपल्या खिशात घातली. हनियाला वाटलं, झालं, कळलं.

पण पोर थांबली नाही. तिनं पिशवीत हात घातला, रेशमाच्या काड्या चिवडल्या आणि एक निळी शोधून काढली. ती तिनं पुठ्ठ्याच्या अगदी तळाशी धरली, पहिल्या लाल ओळीच्याही खाली, जिथं विणकाम सुरू व्हायच्या आधीचं सगळं होतं. ओठावर मिशी पिळली. बाप. मग बोट वर, वर, हिरवीच्याही वर नेलं आणि तळहात पसरून हनियाकडं पाहिलं.

तू घरी, दलेंदा इथं. मग बाप कधी? कुठल्या ओळीत?

मासे धरायला गेलाय, हे दाखवायला हाताचा एक हेलकावा पुरला असता. वसीलानं तेच सांगितलं होतं. हनियानं हात उचललासुद्धा. पण काल आणि उद्या हातात आलेल्या पोरीला पुन्हा आजमध्ये कोंडायचं कसं? तिनं दोन्ही तळहात खांद्याशी नेले, रिकामे, बोटं सुटी, आणि मान हलवली. मला माहीत नाही. मग हनुवटीखाली रुमालाची गाठ मारली. आई. आईला विचार.

नुहानं डोळे मिटले.

बहिऱ्या पोराला कानावर हात ठेवावे लागत नाहीत. डोळे मिटले की जग बंद. हनियाचे हात हवेतच राहिले. आता तिला काही सांगता येत नव्हतं. हात धरणं म्हणजे जबरदस्ती झाली असती. ती नुसती बघत बसली, त्या घट्ट मिटलेल्या पापण्यांकडं, खालच्या ओठाला लागलेल्या तेलाकडं.

"हनिया!" व्हरांड्यातून हाक आली. "शाळेची गाडी उभी आहे, पोरीला पाठवा! हनिया!"

ऐकू आलं. कान तापले. मान वळली नाही.

"अहो हनिया! बहिऱ्या झालात का?"

पावलं जवळ आली, दारात थांबली. सी तौहामींना पुठ्ठा दिसला, हिरवी काडी दिसली. हनियाला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि ती नुहाकडंच बघत होती.

खूप वेळानं नुहानं डोळे उघडले. समोर हनियाचे डोळे होते, जिथं ठेवले होते तिथंच. पोरीनं ते नीट पाहून घेतलं. मग पुठ्ठा उचलला, दप्तरात घातला आणि चालायला लागली. गाडीच्या काचेतून तिनं हात हलवला नाही. नुसती बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

"सांगितलंत ना?" सी तौहामी म्हणाले.

"सांगितलं."

"मी काय म्हणालो होतो?"

"ऐकलं होतं, सी तौहामी. मला ऐकू येतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जा आता," ते हळूच म्हणाले. हनियानं खुर्चीवरची उशी सरळ केली आणि आपला ग्लास पिशवीत घातला.

सुट्टी लागली. फोन मागाच्या लाकडावर गप्प. महबूबानं गच्चीवरून विचारलं, "काय गं, शाळेनं तुला हाकललं की काय?"

"सुट्टी आहे, खालती."

"सुट्टी पोरांना असते. तुझं तोंड का उतरलंय?"

हनिया मागावर जोर काढत होती. खट्-खट्, खट्-खट्. त्या आवाजात तिला बाकी काही ऐकू येत नव्हतं, आणि तेच बरं होतं. आणि अचानक डोक्यावरचं लाल फडकं नाचलं.

वाऱ्यानं हलतं तसं नाही. ओढल्यासारखं, दोनदा, तीनदा. तिचे पाय मागाच्या पट्ट्यांवरच थबकले. कित्येक वर्षांत ते असं नाचलं नव्हतं. बाहेर महबूबाचा आवाज होता, "असं! दोरीनंच! दार ठोकून हात मोडशील, आत माग चाललाय तिचा!"

दारात वसीला, कारखान्यातला रबरी एप्रन अजून अंगावर.

"काय शिकवलंस गं माझ्या पोरीला?" ती आत येता येताच म्हणाली. "जेवताना एकच, निजताना एकच. मिशी पिळती आन हात पसरती. मला वाटलं मिशी म्हंजी मांजर. मांजर धरून आणलं शेजारचं, तर माझ्याच अंगावर चिडली. आज तर माझं तोंड धरून आपल्याकडं फिरवलं. काय पायजेल तिला?"

हनियानं तिला मागाच्या कडेला बसवलं. "ती तुला विचारतेय, बाबा कधी येणार."

वसीला हात मांडीवर घेऊन बसली, मासे कापून चिरा पडलेले हात. "मला इचारती?" ती म्हणाली. "आजवर तिनं मला कधी काय इचारलं नव्हतं. पाव दे, पाणी दे, एवढंच." मग थांबून, "काय सांगू खालती? मलाच कुठं ठावं हाय?"

"तेच सांग."

हनियानं तळहात खांद्याशी नेले. वसीलानं बघितलं आणि आपले हात वर केले, पण ते छातीसमोर जवळ जवळ आले, बोटं जुळली.

"असे नाही. ही दुआ झाली. लांब धर. रिकामे. आता मान हलव."

"दुआ काय येगळी असती व्हय?" वसीला म्हणाली. पण हात तिनं खाली घेतले नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा. तिसऱ्या की चौथ्या खेपेला हात बरोबर पडले, आणि ते तिचं तिलाच कळलं, कारण ती आपल्याच हातांकडं बघत राहिली.

"ती डोळे मिटेल," हनिया म्हणाली. "मिटू दे. हलवायचं नाही तिला. पण तू बघत राहा. कोण हाक मारो, दूध उतू जावो, मान वळवायची नाही. डोळे उघडले की तू समोर दिसली पाहिजेस."

वसीला उठली. दाराशी जाऊन थांबली. "तू येतीस का संगं? तू असलीस तर..."

हनियाचा हात खुंटीवरच्या, बाहेर पडताना पांघरायच्या सफेद चादरीकडं गेला होता. बंदरापर्यंत उतार, मग डावीकडं कोळीवाडा, फार लांब नव्हतं. नुहाचं घर तिनं अजून पाहिलेलं नव्हतं. पोरीच्या खिशात अजून लाल काडी असेल का, तेही दिसलं असतं.

"नको," ती म्हणाली. "मी आले तर ती माझ्याकडं बघेल."

वसीला गेली. जाताना तिनं दार ओढून घेतलं आणि दोरीला तिचा धक्का लागला. फडकं पुन्हा एकदा हललं. हनिया मागावर येऊन बसली. अर्धवट कमरपट्ट्यात पुढची ओळ लाल हवी होती आणि लाल काडी नव्हती. ती हात मांडीवर ठेवून, मान वर करून, फडकं पुरतं थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली.